वाचकांचे प्रश्न : आधी फीत, मग मशीन

या वेळी स्पूलच्या टेपरेकॉर्डरबद्दल तीन पत्रं आली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यात एका माणसाचा आवाज अडकलेला आहे.

प्रश्न : मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा माळा रिकामा करताना आजोबांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर सापडला. ग्रुंडिगचा, जर्मन, पुढं हिरवा डोळा असलेला. सोबत अकरा स्पूल आहेत. डब्यांवर आजोबांच्या अक्षरात 'आक्का, जात्यावर', 'गणपती, दुसरा दिवस, पेटी' असं लिहिलंय. आक्का म्हणजे माझी पणजी. तिचा आवाज आता फक्त वडिलांच्या आठवणीत आहे. मामेभावानं उत्साहानं प्लग लावला. अर्ध्या मिनिटानं हिरवा डोळा उजळला, गुंऽऽ असा आवाज आला, पण चाकं फिरली नाहीत. थोड्या वेळानं जळका वास आला म्हणून बंद केला. मला सोल्डरिंग येतं, घरी मल्टिमीटर आहे. हे मशीन घरी दुरुस्त होईल का? आणि काही स्पूलना व्हिनेगरसारखा वास येतोय, तो कशाचा?

उत्तर : दुरुस्त होईल. पण आजपासून दोन गोष्टी पाळा. तो प्लग पुन्हा लावायचा नाही, आणि अकरापैकी एकही स्पूल त्या मशीनवर चढवायचा नाही. मशीन बिघडलं तर दुसरं मिळेल, जुन्या बाजारात अजून येतात. आक्कांची फीत एकच आहे. म्हणून माझ्या उत्तराचा क्रम मशीनच्या सोयीचा नाही, फितीच्या सोयीचा आहे.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाराव्या वर्षापासून मी तिथं बसले, पुढं दुकान मीच चालवलं. स्पूलची मशीनं आमच्याकडं यायची ती बहुतेक गाण्याच्या वेडापायी घेतलेली. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. ज्या गावाला असा शेजार मिळाला तिथं वकील, डॉक्टर, सराफ यांच्या दिवाणखान्यात बैठका व्हायच्या आणि कोपऱ्यात कुणाचं तरी मशीन फिरत असायचं. बैठक संपली की उरलेल्या फितीवर घरातली माणसं बोलायची. आज मला त्या उरलेल्या फितीच जास्त मोलाच्या वाटतात. गवयांचं गाणं कुठं ना कुठं जपलेलं असतं, जात्यावर बसलेली आक्का मात्र तुमच्याच घरात असते.

आता तुमच्या मशीनचं. लक्षणं तुम्ही नीट लिहिलीत, त्यामुळं अंदाज बांधता येतो. हिरवा डोळा हा रेकॉर्डिंगची पातळी दाखवणारा व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या पद्धतीची काचेची नळी. तो उजळला म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आणि निदान एक व्हॉल्व्ह जिवंत आहे. गुंऽऽ असा आवाज आणि चाकं ठप्प, म्हणजे मोटरला वीज मिळतेय पण ती फिरू शकत नाही. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते आणि तिची गुंडाळी तापते. तुमचा जळका वास बहुधा तिथला आहे. वेळेत बंद केलंत, मोटर वाचली असण्याची शक्यता चांगली आहे.

वास ओळखणं हे या कामातलं अर्धं निदान. वार्निश जळल्यासारखा वास मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा. खारवलेल्या मासळीसारखा आला तर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गेला. कुजक्या कोबीसारखा उग्र वास आला तर सेलेनियम रेक्टिफायर जळतोय. चपट्या पत्र्यांची चळत रचल्यासारखा तो भाग असतो. त्याचा धूर विषारी असतो. तेव्हा मशीन बंद करून खिडक्या उघडायच्या आणि खोलीबाहेर जायचं.

झाकण उघडण्याआधी प्लग काढलेला आहे हे डोळ्यांनी बघा. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतं आणि मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही ते धरून ठेवतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशनच्या तारांना जोडून घ्या, कंडेन्सरच्या टोकापासून चासिसपर्यंत, म्हणजे मशीनच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत, दहा सेकंद टेकवा, मग मीटरनं व्होल्टेज मोजा. शून्याजवळ आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. वडील एक हात पाठीमागं ठेवूनच काम करायचे, मलाही तीच सवय लावली. करंटला एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, जायला वाट मिळू नये एवढ्यासाठी.

मोटरची दांडी बोटानं फिरवून बघा. जड फिरली किंवा हललीच नाही, तर जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालंय. मोटर सोडवून बेअरिंगमधलं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढा आणि शिवणयंत्राचं तेल दोन थेंब द्या. खोबरेल तेल घालू नका. घरात ते हाताशी असतं म्हणून लोक घालतात. थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होतं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. मोटर सैल झाल्यावरही नुसतीच गुणगुणली तर तिच्या जोडीचा कंडेन्सर बदला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एसीवर चालणाराच.

वरची पियानोसारखी बटणं घट्ट झाली असतील तर जोर लावू नका. तिथंही ग्रीसच वाळलेलं असतं. प्रत्येक सांध्यावर अल्कोहोलचा थेंब, पंधरा मिनिटं थांबणं, हलकं हलवणं, परत थेंब. अख्खी दुपार जाऊ द्या. तुटलेल्या कडीला पर्याय मिळत नाही.

बेल्ट बहुतेक विरघळून काळं डांबर झालेले असतील. ते हातमोजे घालून काढा. बोटांना लागलं तर दोन दिवस जात नाही, आणि त्याच बोटांनी फीत धरली तर फीत गेली. पुलीवरचा शेवटचा कणही अल्कोहोलनं निघाला पाहिजे.

आता रबराची चाकं, कारण बहुतेक लोक इथं हार मानतात. मोटरची पुली आणि जड फ्लायव्हील यांच्यामध्ये रबराची कड असलेलं आयडलर चाक असतं. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्यानं त्याला खड्डा पडतो आणि फीत वाजताना धप् धप् ऐकू येतं. चाक नुसतंच गुळगुळीत झालं असेल तर साबणाच्या पाण्यानं धुऊन बारीक पॉलिशपेपरनं कड हलकी खरवडली तरी पकड येते. खड्डा असेल तर शिवाजी उद्यमनगरात जा. फाउंड्री आणि लेथच्या त्या गल्ल्यांमध्ये जुन्या हबवर नवं रबर बसवून घासून देणारे कारागीर आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नेमका व्यास किती हवा याची फार काळजी घेतली होती. घरी येऊन विचार केल्यावर लक्षात आलं की मधल्या चाकाचा व्यास थोडा कमीजास्त झाला तरी गती बदलत नाही. ते पुलीच्या कडेची चाल फक्त फ्लायव्हीलच्या कडेपर्यंत पोचवतं. गती ठरते ती मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलवर आणि कॅपस्टनच्या जाडीवर. आयडलर मात्र अगदी गोल आणि मध्याला धरून हवा. लेथवाल्या दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग सोपं हाय ताई, मापाचं टेन्शन न्हाई, गोल म्हणजे गोल काढून देतो." आणि दिलं.

कॅपस्टन म्हणजे फीत ओढणारी ती बारीक चकचकीत दांडी. तिला पॉलिशपेपर कधीही लावू नका. तिची जाडी हीच मशीनची गती आहे.

विजेच्या बाजूचे इलेक्ट्रोलिटिक आणि मेणकागदी कंडेन्सर विचार न करता बदला. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, जोडलेला कागदी कंडेन्सर सगळ्यात आधी. तो झिरपला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. त्या जागी तेवढ्याच मूल्याचा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर बसवा. मागचा व्होल्टेजचा स्क्रू ११० वर नाही ना तेही बघा; आपल्याकडं तो २४० वर ठेवलेला बरा.

मग सिरीज बोर्डावर पहिली वीज. बोर्डावर एक होल्डर आणि एक सॉकेट, फेजची तार होल्डरमधून सॉकेटला. होल्डरमध्ये १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब. एलईडी इथं काही कामाचा नाही, कारण तापलेल्या तारेचा अडथळाच आपल्याला हवा असतो. मशीन लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्बमधून वीज कमी पोचते, त्यामुळं मोटर अशक्त फिरेल. त्यानं घाबरू नका.

हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग. तो पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड, किंवा जुन्या धोतराचा मऊ तुकडा. कोविडच्या काळातला सॅनिटायझर घरात उरला असेल, तो वापरू नका. त्यात ग्लिसरीन आणि पाणी असतं. कॅपस्टनवर फीत दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं पाणीच बरं, अल्कोहोलनं रबर कोरडं पडतं.

आता रेकॉर्डचं बटण. कॅसेटला मागं तोडायची खाच असते. स्पूलला तसं काहीच संरक्षण नाही. १९८४ च्या पावसाळ्यात एक बाई आपल्या आईची फीत घेऊन दुकानात आल्या होत्या. बटण अडकलं होतं, मी ते सोडवायला दाबलं आणि शेजारचं रेकॉर्डचं बटणही खाली गेलं. हिरवा डोळा लवलेला दिसला तसं मी बंद केलं, पण सात सेकंद गेले होते. त्या फितीत आईनं उखाणा घेतला होता. नवऱ्याचं नाव जिथं येतं नेमकं तिथं आता कोरी खरखर आहे. त्या बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत, पैसे ठेवून गेल्या. तेव्हापासून माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक मशीनच्या रेकॉर्ड बटणाखाली मी आधी लाकडाची चिपटी घट्ट बसवते, दोऱ्यानं बांधते, आणि मगच बाकीचं काम. तुम्हीही तसंच करा. पहिले तीन-चार दिवस मशीनवर बिनकामाची फीत चालवा. ब्रेक फीत ताणतात का, फीत रोलरच्या बाहेर चढते का, थांबवताना ढिली पडून गुंडाळते का, ते बघा.

व्हिनेगरच्या वासाच्या स्पूल वेगळ्या काढा, आजच. त्या अ‍ॅसिटेटच्या फिती आहेत. १९५० आणि ६० च्या दशकातल्या बऱ्याच फिती अशा असतात. अ‍ॅसिटेट दमट हवेत कुजतं आणि व्हिनेगरचं आम्ल सोडतं, ते आम्ल शेजारच्या फितीलाही लागतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथं माळ्यावरच्या फितीचं काय होत असेल ते तुम्हीच बघताय. ओळखायचं कसं : स्पूल ट्यूबलाइटसमोर आडवा धरा. गुंडाळीतून उजेड झिरपला तर अ‍ॅसिटेट, काळाकुट्ट दिसला तर पॉलिएस्टर. अ‍ॅसिटेट ताणाला कट्‌कन तुटतं, पण तुटल्या जागी नीट जोडता येतं. पॉलिएस्टर ताणलं जातं आणि ताणलेला भाग परत मिळत नाही.

फिती ओव्हनमध्ये तापवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो सल्ला १९७० आणि ८० च्या दशकातल्या काही पॉलिएस्टर फितींसाठी आहे. त्यांचा गोंद दमटपणा शोषून चिकट होतो, आणि साधारण ५४ अंशांवर काही तास ठेवल्यावर त्या थोड्या दिवसांपुरत्या वाजतात. अ‍ॅसिटेटला तसं तापवलं तर ती वाकडी होऊन संपते. तुमच्या वासाच्या फितींना उष्णता नको. कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी, एकमेकींपासून लांब ठेवा. मशीन तयार झालं की सगळ्यात आधी त्याच वाजवा, कारण त्यांच्याकडं वेळ कमी आहे. फास्ट रिवाइंड करू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साध्या गतीनंच जाऊ द्या.

पहिल्यांदा वाजेल तेव्हाच कॉम्प्युटरवर घ्यायची तयारी ठेवा. काही फिती एकदाच नीट वाजतात. मशीनच्या मागच्या गोल डिन सॉकेटमधून वायर काढून ऑडिओ इंटरफेसला जोडा, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाइल करा. खरखर काढायचे प्रयोग नंतर, वेगळ्या प्रतीवर. जात्याची घरघर ही खरखर नाही हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

प्रश्न : काकांनी अमेरिकेतून आणलेलं जपानी स्टिरिओ स्पूल मशीन आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावूनच चालवतो. तरी सगळं संथ वाजतं, बायकांचा आवाज पुरुषी येतो. बेल्ट नवा घातला, फरक नाही. (राजारामपुरी)

उत्तर : ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. एसी मोटरची गती हर्ट्झवर ठरते, म्हणून दहा मिनिटांची फीत तुमच्याकडं बारा मिनिटं चालते. सुराच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गायलेलं खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली येतं.

मशीनच्या माहितीपुस्तकात ५० हर्ट्झची सोय आहे का बघा. बऱ्याच जपानी मशीनमध्ये मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या असतात आणि बेल्ट नुसता सरकवायचा असतो. नसेल तर १.२ पट व्यासाची पितळी पुली लेथवर काढून घ्या. इथं मात्र माप नेमकं हवं. तपासायला कोऱ्या फितीवर ११.४३ मीटर अंतरावर दोन खुणा करा. साडेसात इंचांच्या गतीला दोन्ही खुणांमधलं अंतर हेडसमोरून बरोबर ६० सेकंदांत गेलं पाहिजे.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्या घरातल्या सहा स्पूल पाण्यात गेल्या होत्या. तेव्हा उन्हात वाळवून ठेवून दिल्या. आता वाजवता येतील का? (प्रयाग चिखली)

उत्तर : मशीनवर लावू नका. वाळलेला गाळ हेडवर पॉलिशपेपरसारखा चालतो, आणि थर एकमेकांना चिकटले असतील तर उलगडताना वरची तपकिरी पूड निघून येईल. ती पूड म्हणजेच आवाज.

ट्यूबलाइटची परीक्षा आधी करा. अ‍ॅसिटेटच्या असतील तर पाणी लावू नका, जुन्या फिती हाताळणाऱ्या संग्रहालयाशी किंवा स्टुडिओशी बोला. पॉलिएस्टरच्या असतील तर ज्या स्पूलमध्ये सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे ती एकच घ्या. गार डिस्टिल्ड वॉटरमध्ये आडवी बुडवा, हळूहळू फिरवा, पाणी गढूळ झालं की बदला. साबण नको. मग उभी करून सावलीत, लांबून पंख्याच्या वाऱ्यावर तीन-चार दिवस. ऊन नको, हेअर ड्रायर नको. नंतर हातानं एक-दोन फूट उलगडून बघा. मऊ फडक्यावर तपकिरी डाग आला तर तिथंच थांबा आणि बाकीच्या पाच जशाच्या तशा जाणकाराकडं न्या.

पाण्याला हात लावण्याआधी डब्यांचे आणि स्पूलवरच्या चिकटपट्ट्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. पुरानं फिकट झालेली शाई मोबाइलच्या फोटोत काळीपांढरी करून उजेड वाढवला की पुष्कळदा वाचता येते. कोण बोलतंय, कुठल्या साली, कुणाच्या लग्नात, हे त्या फितीवर दुसरीकडं कुठंच लिहिलेलं नसतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि फोटो बघत नावं लिहून घ्या.